मुन्शीजींची रेघ

पुंडलिकराव लांजेवारांचा मी दोन वर्षं मनापासून हेवा केला. मी इंग्रजी साहित्याचा प्राध्यापक. आमचे पूर्वज भोसल्यांच्या कारभाराबरोबर छत्तीसगडात आले, हे आमच्या घरी पाहुण्याला चहाच्या आधी सांगितलं जातं. अशा माणसाला हेवाच करायचा असेल तर त्याने दुसऱ्या प्राध्यापकाचा करावा, फार तर एखाद्या प्राचार्याचा. मी केला तो पोलीस खात्यातून निवृत्त झालेल्या एका हेड कॉन्स्टेबलचा, आणि तोही सिनेमाच्या बाबतीत. गेल्या हिवाळ्यात ते गेले. बातमी ऐकून मी 'अरेरे' म्हणालो आणि लगेच मनात आलं, की आता त्यांच्यावर कोणीतरी लेख लिहील आणि तो माझ्यापेक्षा चांगला लिहील. म्हणून हा मीच लिहायला घेतला आहे.

छत्तीसगड वेगळं राज्य होऊन रायपूर राजधानी झालं त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. जुन्या इस्पितळाच्या इमारतीत मंत्रालय भरत होतं, भोपाळहून आलेले साहेब लोक भाड्याची घरं शोधत फिरत होते, आणि सलूनपासून पिठाच्या चक्कीपर्यंत सगळ्यांच्या पाट्यांवर 'राजधानी' हा शब्द चढला होता. त्याच वाऱ्यात मीही तात्यापाऱ्यात, आमच्या मराठी वस्तीत, एक चित्रपट मंडळ काढलं. मंगल कार्यालयाचा मागचा हॉल, एकोणतीस इंची टीव्ही, व्हीसीडी प्लेअर, आणि महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी एक सिनेमा. पहिली मालिका मी ठरवली ती पोलीस खात्यातल्या भ्रष्टाचारावरच्या सिनेमांची. या विषयावर सिनेमे इतके निघाले आहेत की ती मालिका दोन वर्षं पुरली. सुरुवातीला वीस मिनिटं माझं प्रास्ताविक आणि शेवटी माझ्याच अध्यक्षतेखाली चर्चा, असा बेत होता. चर्चेत इतर कोणी बोलावं अशी माझी फारशी अपेक्षा नव्हती.

पहिला सिनेमा एका इमानदार इन्स्पेक्टरचा होता. सगळं ठाणं सडलेलं, वरून मंत्र्याचा दाब, आणि हा एकटा. मी नायकाच्या नैतिक द्वंद्वावर बोललो, ग्रीक शोकांतिकेपर्यंत जाऊन आलो. सिनेमा संपला, दिवे लागले, आणि शेवटच्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवरून एक हात वर आला. पांढरा स्वच्छ शर्ट, खिशाला शाईचं पेन, पायातल्या चपला काढून खुर्चीखाली जोडीने ठेवलेल्या.

"सरजी, या ठाण्याचा मुन्शी कुठे हाय?"

लोक हसले. मीही हसलो, जरा मोठ्यानेच. ते उभे राहिले आणि लाजत सांगू लागले, की मी पस्तीस वर्षं ठाण्यातच काढली, त्यातली बावीस मुन्शी म्हणून, म्हणजे लिहिणारा म्हणून. ठाण्यात कोण आलं, कोण गेलं, कोणाला किती वाजता आणलं, कधी सोडलं, हे सगळं रोजनामच्यात तोच चढवतो. या सिनेमात इन्स्पेक्टर मारतो, मंत्री फोन करतो, गुंड सुटून जातो. पण हे सगळं लिहिताना कोणीच दिसत नाही. मंत्र्याने नुसतं सांगून काही होत नाही. जोपर्यंत मुन्शी लिहीत नाही तोपर्यंत गुंड काही सुटत नाही. म्हणजे सिनेमातला अर्धा गुन्हेगार तर दाखवलाच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

हॉल गप्प झाला. ती कसली शांतता होती ते मला चांगलं कळलं, कारण माझ्या व्याख्यानानंतर तशी ती कधीच पडत नसे. माझी बायको मंगला माझ्या प्रास्ताविकात नेमाने डुलक्या घ्यायची. ती खुर्चीत वळून बसली होती आणि त्यांच्याकडे बघत होती. त्या दिवसापासून त्यांना सगळे मुन्शीजी म्हणू लागले आणि माझ्या पोटात दुखायला लागलं.

व्हीसीडीच्या काळात एक सिनेमा दोन किंवा तीन तबकड्यांवर येई. पहिली तबकडी संपली की ती काढून दुसरी घालायची, आणि हे काम मंडळाचा अध्यक्ष म्हणून मी स्वतःकडे ठेवलं होतं. आता त्याचा पश्चात्ताप होऊ लागला. मी टीव्हीसमोर वाकून तबकडी पुसत असे, प्लेअर ती गिळायला नकार देत असे, आणि माझ्या पाठीमागे पन्नास-साठ खुर्च्या कुरकुरत मागे वळत. मुन्शीजी फार बोलत नसत, दोनतीन वाक्यंच. पण मी उठून उभा राहीपर्यंत हशा होऊन गेलेला असे, आणि काय म्हणाले ते मला कोणी सांगत नसे.

एका सिनेमाच्या शेवटी नायक चिडून टोपी साहेबाच्या टेबलावर फेकतो आणि नोकरी सोडून चालता होतो. गेली पंचवीस वर्षं मी विद्यार्थ्यांना व्यवस्थेला नकार म्हणजे काय ते समजावत आलो, त्यामुळे या दृश्यावर मला बरंच सांगायचं होतं. मुन्शीजींनी एवढंच विचारलं, की टोपी फेकली ते ठीक, पण चार्ज कोणाला दिला? जप्त केलेला माल ठेवतात त्या मालखान्याची चाबी कोणापाशी आहे? इमानदार माणूस असा निघून गेला की त्याच्या जागेवर दुसऱ्या दिवशी कोण येतो, ते त्यांनी पाच वेळा पाहिलं होतं म्हणे. त्यांच्या मते या नायकाने लोकांचं नुकसानच केलं होतं. चर्चा तासभर चालली. व्यवस्थेला नकार वगैरे माझं सगळं वहीतच राहिलं.

आणखी एकदा पडद्यावरचा लाचखाऊ इन्स्पेक्टर खदाखदा हसत होता, दारू पीत होता, भिंतीवर देवाची तसबीर आणि तिच्यासमोर सगळी पापं. मुन्शीजींना तो पटला नाही. असा माणूस ठाण्यात आठ दिवस टिकत नाही, म्हणाले. वाईट साहेब फार गोड बोलतो, शिपायाच्या पोरांची नावं त्याला पाठ असतात, उन्हाळ्यात हवालातीतल्या माणसालाही तो माठातलं पाणी पाजतो. सिनेमातल्या वाईट माणसाला कधी ताप येत नाही, त्याचा डबा कधी घरून येत नाही, म्हणून तो ओळखू येतो. ठाण्यात तसा ओळखू येत नाही. यावर मंगलाने मान डोलावली, आणि रिक्षात बसल्यावर मला विचारलं, की हे तुम्ही कसं कधी सांगितलं नाही. मी तिला म्हटलं की हे सगळं अनुभवातलं आहे, याला समीक्षा म्हणत नाहीत. ती म्हणाली, बरं.

मंडळाचं एक हजेरीचं रजिस्टर होतं. येणाऱ्याने नाव लिहायचं, सही करायची. मुन्शीजी सगळ्यांत शेवटी येत आणि आपलं शाईचं पेन काढून लिहीत. अक्षर असं की नुसतं बघत राहावं. शिरोरेघ सरळ, मात्रा जिथल्या तिथे. माझं अक्षर घरातही कोणाला लागत नाही. नाव लिहून झालं की पानावर खाली जी कोरी जागा उरे तिच्यावर ते एक तिरपी रेघ ओढत, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत, पट्टी न लावता. एकदा मागाहून आलेल्या कोणाला तरी सही करायला जागाच राहिली नाही म्हणून मी जरा तिरकसपणे विचारलं, की ही काय पद्धत?

ते म्हणाले, "कोरी जागा ठेवली का सरजी, तिथं कोणी ना कोणी काही ना काही लिहिते."

मी सगळ्यांदेखत त्या रेघेची थट्टा केली. आमचं रजिस्टर म्हणजे काही ठाणं नव्हे, म्हणालो. त्यांनी हसून पेनाला टोपण लावलं. पुढच्या महिन्यात पुन्हा रेघ होतीच.

मग एका शनिवारी ते आले नाहीत. हॉल अर्धा रिकामा राहिला आणि मी मात्र त्या दिवशी उत्तम बोललो. मंगला बेचैन होती. दुसऱ्या दिवशी चिवड्याचा डबा घेऊन ती मला शहराबाहेरच्या बीरगांवला घेऊन गेली. मुन्शीजी तिथे मुलाकडे राहत. मुलगा जवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये शिफ्टमध्ये कामाला, रात्रपाळी करून आलेला, पडद्याआड झोपलेला. खिडकीच्या कट्ट्यावर काळी धूळ बोटभर. मुन्शीजींचे दोन पांढरे शर्ट बाहेर न घालता घरातच दोरीवर वाळत होते. ते स्वतः डोक्याला मफलर बांधून टीव्हीपासून दोन हातांवर जमिनीवर बसले होते. टीव्ही चालू होता आणि आवाज पूर्ण बंद होता. कुठलासा पोलिसांचाच सिनेमा होता. त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी गुडघ्यावर हलत होती, एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जात होती, आणि आम्ही दारात उभे आहोत हे त्यांना कळलंच नाही.

मुलगा दिवसा झोपतो म्हणून आवाज बंद ठेवावा लागतो, त्यांनी सांगितलं. मंडळात ते येत ते खरं म्हणजे सिनेमा ऐकायला. पण मुका सिनेमाही त्यांना आवडे. आवाज नसला की हिरो काय बोलतो तिकडे लक्ष जात नाही, मग त्याच्या मागे उभी असलेली माणसं दिसतात. बोटाचं विचारलं तर म्हणाले सवय आहे, समोर काही घडलं की हात लिहितो.

मंगला त्यांच्यासाठी बिनसाखरेचा चहा करायला त्यांच्या सुनेबरोबर आत गेली, आणि मी त्या काळ्या धुळीच्या खोलीत बसून जळत राहिलो. पाश्चात्त्य समीक्षेची चार कपाटं वाचून मला जे दिसलं नाही ते या माणसाला पोराच्या झोपेपायी दिसत होतं. घरी आल्यावर मी तीन संध्याकाळी टीव्हीचा आवाज बंद करून बसलो. मागची माणसं मलाही दिसली, पण ती नुसती उभी होती. तिसऱ्या दिवशी मंगलाने विचारलं की कान दुखतोय का.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटाला नव्या सरकारच्या एका खात्यातले अधिकारी मंडळात आले. भोपाळचे, अदबशीर गृहस्थ. राज्याच्या वर्धापनदिनाच्या निमित्ताने त्यांना एक मोठं व्याख्यान ठेवायचं होतं: पोलीस आणि सिनेमा. मोठं सभागृह, समोर पोलीस अधिकारी, पत्रकार, मंत्रीही येण्याचा संभव. रायपूरचाच वक्ता हवा होता. हे व्याख्यान मला हवं होतं. किती हवं होतं ते सांगायलाही लाज वाटते. उभा जन्म मी भोपाळच्या चर्चासत्रांत 'ये रायपुर से आए हैं' या एका वाक्यावर मागच्या सोफ्यावर बसलो होतो. आता राजधानीच माझ्या दारात आली होती. आणि ते गृहस्थ चहा घेताना मला विचारत होते, की आपले ते मुंशीजी बोलतील का? उनकी बड़ी तारीफ सुनी है.

मी म्हणालो, जरूर, पुढच्या महिन्याच्या सिनेमाला येऊन त्यांना ऐका. आणि घरी जाऊन सिनेमा बदलला.

हेव्याने माणसाची नजर तीक्ष्ण होते. दोन वर्षांत मुन्शीजींनी पाच ठाण्यांचे किस्से सांगितले होते, पण एका ठाण्याचं नाव आलं की ते विषय बदलत. दुसरी गोष्ट, पडद्यावर ठाण्याच्या पायरीवर बसलेली बाई दिसली की ते पाणी प्यायला बाहेर जात. हे सगळ्या हॉलमध्ये फक्त माझ्या लक्षात आलं होतं, कारण त्यांच्याकडे माझ्याइतकं कोणी बघतच नव्हतं. मी शोधून एक परदेशी सिनेमा आणला. त्यात मुन्शी होता. भला, अबोल माणूस, आणि साहेबाच्या सांगण्यावरून तो रजिस्टरमध्ये खोटं लिहितो.

सिनेमा संपला. अधिकारी पहिल्या रांगेत होते. मुन्शीजी त्या दिवशी पाणी प्यायला उठले नव्हते. मी उभा राहिलो आणि मऊ आवाजात म्हणालो, की मुन्शीजी, दोन वर्षं तुम्ही आम्हाला विचारत आलात, मुन्शी कुठे आहे. आज तो सापडला. आता तुम्ही सांगा, तुम्ही कुठे होता?

प्रश्न विचारतानाच मला तो आवडला होता. आता ते गडबडतील, हात जोडतील, माझं काम साफ होतं असं सांगतील, आणि सगळ्या हॉलला कळेल की हाही एक साधा पेन्शनर आहे.

ते उठले. खुर्चीची पाठ धरली.

"मले वाटलंच होतं सरजी, एक दिवस तुम्ही विचाराल. आमचे टीआय साहेब होते, ठाण्याचे इन्चार्ज. माझी पोट्टी टायफाइडनं पडली, तवा त्यायनं तिले आपल्या जीपमधी घालून दवाखान्यात नेली, दोन दिवस तिथून हलले नाही. थे साहेब एक दिवस म्हणाले, मुन्शीजी, आज रोजनामच्यात चार ओळी सोडून पुढं लिहा. मी सोडल्या. काहून म्हणून नाही पुछलं. दुसऱ्या दिवशी त्यायनं सांगितलं थे मी त्या जागेत लिहिलं, का अमुक मानसाले पूछताछ करून संध्याकाळी पाच वाजता सही सलामत सोडून देलं. अक्षर चांगलं आलं. चार ओळीत बरोब्बर बसलं."

त्यांच्या उजव्या हाताचं बोट खुर्चीच्या पाठीवर हलत होतं.

"मंग त्याची बायको आली. पायरीवर बसली. म्हणाली, तुम्हीच लिहिलं ना, थे गेले म्हणून, कोणत्या रस्त्यानं गेले? मी बोट दाखवलं. थे त्या रस्त्यानं पाहत पाहत गेली. तो मानूस आपल्या पायानं ठाण्यातून निघालाच नव्हता, सरजी."

मंगलाने हळूच विचारलं, "आणि ते साहेब? ते कसे होते?"

"चांगले होते, वहिनी. हव, चांगले होते. थेच तर कोणता सिनेमा दाखवून नाही राहिला."

मग त्यांनी जे सांगितलं ते फार थोडं होतं. निवृत्त झाल्यावर ते त्या बाईच्या गावी गेले होते, खरं सांगायला. घर तेच होतं, माणसं दुसरी होती. चौकशी केली, पण ती कुठे गेली ते कोणालाच माहीत नव्हतं. त्या चार ओळी लिहिल्या तेव्हापासून त्यांनी कोणत्याच कागदावर जागा कोरी ठेवली नाही. एवढं बोलून ते खाली बसले आणि खुर्चीखालच्या चपला पायाने सारख्या केल्या.

मला वाटलं होतं लोक त्यांच्यापासून दूर सरकतील. काही जण सरकले, नाही असं नाही. दोघं तिघं चहा न घेताच गेले. पण बाकीचे बसून राहिले आणि मंगला त्यांच्यासाठी चहा घेऊन गेली, दोन्ही हातांनी कप धरून. आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली, मला तिने कधी असा कप दिलेला नाही.

आणि तिथे उभ्या उभ्या मला जे वाटलं ते आज पहिल्यांदा लिहितो आहे. मला त्यांच्या पापाचाही हेवा वाटला. माझ्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत कोणी मला चार ओळी सोडायला सांगितलं नाही. सांगावं असं माझ्याजवळ काही नव्हतंच. मी स्वच्छ राहिलो तो कोणी मला विचारलं नाही म्हणून, आणि त्याच जोरावर गेली दोन वर्षं पडद्यावरच्या माणसांना मी गुण देत होतो. मुन्शीजींपाशी एक खरी गोष्ट होती आणि ती सांगण्याची ताकद होती. माझ्यापाशी प्रास्ताविक होतं.

अधिकारी मला बाजूला घेऊन म्हणाले, की गृहस्थ फार मोठे आहेत, पण समोर पोलीस अधिकारी बसणार, आपण समजू शकता. मी समजू शकत होतो. तर व्याख्यान आपणच द्यावं. मी एकदा आढेवेढे घेतले आणि हो म्हटलं.

सभागृह भरलं होतं. मंत्री आले नाहीत, पण वर्दीवाले पुष्कळ होते. मी माईकसमोर उभा राहिलो आणि विचारलं, "इस तस्वीर में मुंशी कहाँ है?" सभागृहात तीच शांतता पडली. तिची मी जन्मभर वाट पाहिली होती. मग मी मालखान्याची चाबी आणली, गोड बोलणारा साहेब आणला, तापाने कधी न पडणारा खलनायक आणला. आवाज बंद करून सिनेमा पाहावा, मागची माणसं दिसतात, हेही सांगितलं. लोक माना डोलावत होते, पत्रकार लिहून घेत होते. चार ओळींची गोष्ट मात्र मी सांगितली नाही. एवढी लाज शिल्लक होती. हे सारं मला बीरगांवच्या पुंडलिकराव लांजेवारांनी शिकवलं, असं शेवटचं वाक्य मी कागदावर लिहून आणलं होतं. घरी ते मंगलाला वाचूनही दाखवलं होतं. पण त्याच्या आधीच्या वाक्याला टाळ्या पडल्या, लोक उभे राहायला लागले, आणि मी कागद दुमडला. टाळ्यांमुळे राहून गेलं असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत असे. खरं म्हणजे टाळ्या थांबल्या होत्या. माईक अजून चालू होता. मला वेळ होता.

मंगला पहिल्या रांगेत होती. ती टाळ्या वाजवत नव्हती, मागे वळून बघत होती. तिच्या नजरेच्या मागोमाग मीही पाहिलं. शेवटच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर पांढरा शर्ट होता. भाषणभर त्यांचं बोट गुडघ्यावर चाललं असणार. आता ते थांबलं होतं.

दारापाशी टेबलावर अभिप्रायाची वही ठेवली होती. लोक तिथे थांबून माझ्याबद्दल चांगलं चांगलं लिहीत होते आणि मी शेजारी उभा राहून नमस्कार घेत होतो. मुन्शीजी सगळ्यांत शेवटी आले. मी गडबडीने म्हणालो, की तुमचं नाव घ्यायचं होतं हो, पण त्या टाळ्यांत... त्यांनी मान हलवली, जशी ते सिनेमातल्या न पटलेल्या गोष्टीवर हलवत. मग वाकून वहीत लिहिलं. चांगला वेळ लिहिलं. पेनाला टोपण लावलं, खिशात ठेवलं, आणि बाहेरची धूळ पेनाला लागू नये म्हणून वरून रुमाल घातला.

"जागा सोडली हाय, सरजी," ते म्हणाले. "तुमच्या फुरसतीनं."

मला वाटलं, कोणा मागून येणाऱ्यासाठी म्हणत आहेत. ते पायऱ्या उतरले. रस्त्याच्या पलीकडे बीरगांवकडे जाणारा टेम्पो उभा होता. त्यांनी दोन्ही बाजूंना पाहिलं, लाल दिव्याची एक गाडी जाऊ दिली, आणि हळूहळू रस्ता ओलांडला. टेम्पोत चढताना त्यांनी चपलांची धूळ पायरीवर झटकली. त्यानंतर मी त्यांना कधी पाहिलं नाही. मंडळात ते आले नाहीत, आणि बीरगांवला मंगला एकटीच जात असे.

मी वही ओढून पाहिली. त्यांनी वर तारीख आणि वेळ घातली होती. त्याखाली त्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं की प्रोफेसर साहेबांचं भाषण ऐकलं, साहेब शब्दशः खरं बोलले, आणि हे त्यांना कोणी सांगितलं ते असं की... वाक्य तिथेच सोडलं होतं. त्याखाली चार ओळी कोऱ्या होत्या. चार ओळींखाली सही होती. रेघ नव्हती.

सभागृह रिकामं होत होतं. मंगला पायऱ्यांवर उभी राहून टेम्पो गेला त्या दिशेला बघत होती. माझ्या खिशात पेन होतं, चार ओळींना पुरेल एवढं वाक्य दुमडलेल्या कागदावर तयार होतं. मी पेन काढलं, आणि त्या कोऱ्या जागेवर वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत एक तिरपी रेघ ओढली. त्यांच्यासारखी सरळ आली नाही.